गप बसलेला आधी बघा

शरणक्का सिस्टरनी आजवर तीन नवरदेवांचे कपडे कापलेत. शिवण्यासाठी नव्हे. अंगावरचे.

तिसरा नवरदेव माझ्या डोळ्यांदेखतचा. लग्नाच्या दिवशी सकाळी मारुतीच्या पाया पडायला घोड्यावर बसून निघाला, बँडवाल्यानं घोड्याच्या कानाशी पिपाणी फुंकली आणि घोडं उधळलं. पोरगा खांद्यावर आपटला. दवाखान्यात आणला तेव्हा चांगला शुद्धीवर होता. "हात वर करतो की अक्का, शेरवानी निघंल," असं म्हणत होता. तोवर अक्कांची कात्री खालच्या काठातून आत शिरली होती. जरीतून जाताना ती करकर वाजत होती. दारातून नवरदेवाची आई म्हणाली, "अवो सिस्टर, पावण्यांकडून मागून आणलीया ती."

अक्कांनी मान वर केली नाही. "पावण्यांना म्हनावं, नवरदेव साबूत हाय. शेरवानी काय पुन्हा शिवता येती."

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. लग्न लागलं, पण हात गळ्यात बांधून. फोटोत नवरी हसतेय आणि नवरदेव उपरण्याखालून बँडवाल्याकडं बघतोय.

मी त्याच दवाखान्यात औषधं वाटतो. बिदर जिल्ह्याच्या टोकाला, महाराष्ट्राची हद्द हाकेच्या अंतरावर असलेलं आमचं गाव. इथं पाट्या कन्नडात, बोलणं मराठीत आणि भांडण रंगात आलं की उर्दूत. गावाच्या कडेनं मोठा रस्ता जातो. त्यावरून सोयाबीनचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, मजुरांनी भरलेल्या जीपगाड्या आणि तिघं-तिघं बसलेल्या मोटरसायकली दिवसभर धावत असतात. त्यातलं जे काही आडवं होतं, ते आमच्याकडं येतं. 'अपघात विभाग' अशी पाटी असलेली आमची एक खोली आहे. तिच्यात दोन खाटा, ऑक्सिजनची एक टाकी आणि शरणक्का.

अक्का ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग आणि कमरेला नाडीनं बांधलेली ती कात्री. तिचं खालचं पातं टोकाला चपटं असतं, म्हणजे कातडीला टोचत नाही. अपघाताचा माणूस आला की अक्का आधी कपडे कापतात. सदरा काढायला हात वर करायला लावले तर मोडलेलं हाड आणखी सरकतं, आणि कपड्याखाली काय दडलंय ते कपडा निघाल्याशिवाय कळत नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "म्होरून नीट दिसलेला मानूस मागून नीट असतोच असं न्हाई." लोकांना मात्र त्या काहीच सांगत नाहीत, नुसत्या कापतात. एका पुढाऱ्याचा कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा त्यांनी कापला तेव्हा त्याचे कार्यकर्ते दोन पावलं मागं सरले होते. तेव्हापासून आमच्याकडचे लोक नवे कपडे घालून गाडीवर निघालेल्या माणसाला 'सावकाश जा' म्हणत नाहीत. 'शरणक्का ड्यूटीवर हाय' म्हणतात. गाडी आपोआप सावकाश चालते.

अक्कांच्या तीन भाषांची वाटणी ठरलेली आहे. रागावायचं कन्नडात, विचारायचं मराठीत आणि धीर द्यायचा दखनीत. एखादा पेशंट उगाच चुळबुळ करायला लागला की "सुम्म कूडु," म्हणजे गप बस. पण जो खरोखर अवघड असतो त्याच्या कानाशी वाकून त्या म्हणतात, "कुछ नई होता बाबा. आंखां खोल के रख." मग तो लिंगायत असो, धनगर असो की मुसलमान. त्यामुळं बाहेर बसलेले नातेवाईक कान लावून भाषा ऐकत असतात. आतून कन्नड ऐकू आलं की सुटकेचा निःश्वास टाकतात. "शिव्या द्यायलीया, म्हंजे वाचला."

जखमेवर कुणी हळद, चहापत्ती, तंबाखू दाबून आणली तर अक्का ती धुता धुता विचारतात, "मसाला कुनी लावला?" बहुतेक वेळा मागं उभा असलेला चुलता हात वर करतो. "चांगला लावला," अक्का म्हणतात. "मीठ कामून ऱ्हायलं?" पुढच्या वेळी तो चुलता स्वच्छ फडकं बांधून आणतो. आमच्या तालुक्यात आरोग्यशिक्षण असं झालेलं आहे.

खोलीत गर्दी झालेली मात्र त्यांना चालत नाही. "बाहेर व्हा" म्हटलं की कुणी होत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलंय. म्हणून त्या कामं वाटतात. रडणाऱ्याला म्हणतात, "तुमी ह्येचे चपला धरा, हरवतील." मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याला म्हणतात, "बाबा, तुजा हात स्थिर दिसतो. ही सलाईन धर." सगळ्यात जास्त आरडाओरडा करणाऱ्याला दाराबाहेरचं काम मिळतं. "पाटील, तुमी दारात थांबा. कुत्रं आत येतंय. येऊ देऊ नका." एकदा करजगीकडून आलेले एक वजनदार पाटील जावयाच्या पायाला टाके पडेपर्यंत काठी घेऊन दारात उभे होते. त्यांना शेवटपर्यंत कुत्रं दिसलं नाही. जाताना ते अक्कांना अभिमानानं म्हणाले, "एक बी येऊ दिलं न्हाई बगा."

आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य. नवे डॉक्टर आले की पहिल्या दिवशी त्यांना ते ऐकावं लागतं. "सर, वरडनारा बरा असतो. गप बसलेला आधी बघा."

हे त्या दवाखान्यात म्हणतात तोवर ठीक होतं. पण अक्का ते सगळीकडं वापरतात. लग्नाच्या पंगतीत भांडण पेटलं की सगळे भांडणाऱ्यांकडं बघतात, अक्का कोपऱ्यात मुकाट्यानं जेवणाऱ्या माणसाकडं. त्याच्याशेजारी जाऊन विचारतात, "तुमाला काय झालंय?" बारशाला गेल्या तर रडणारं बाळ सोडून त्याच्या झोपलेल्या भावाची नाडी बघतात. माझ्या बायकोनं एकदा मला सांगितलं, "तुमच्या सिस्टर घरी आल्या की मी उगंच बडबड करती. गप बसलं की मनगट धरतात." आम्ही हसायचो. मीसुद्धा दवाखान्यात त्यांची नक्कल करायचो. माझ्या थोरल्या भावाचा अपघात होईपर्यंत.

माझा भाऊ दत्तूदादा शेती करतो. त्या दिवशी बाजार होता. दुपारी तो आणि त्याचा मित्र मारुती मोटरसायकलवरून येत होते. मध्येच एक म्हैस रस्त्यावर आली. तिला चुकवताना गाडी घसरली. मारुतीचं मनगट मोडलं. तो असा ओरडत होता की समोरच्या हॉटेलातले लोक चहा टाकून दवाखान्यात आले. दादा त्याला खांद्याला धरून चालत घेऊन आला. म्हणजे तो पेशंट म्हणून आलाच नव्हता, पेशंटबरोबरचा माणूस म्हणून आला होता.

मी औषधाच्या खिडकीतून विचारलं, "तुला काय लागलं का?"

"मला काय न्हाई," दादा म्हणाला. "ढोपर खरचटलं जरा. चहा सांग की."

मी चहा सांगितला. मी भाऊ, त्यातून दवाखान्यातला माणूस, आणि मी चहा सांगितला. दादा बाकावर भिंतीला टेकून बसला. आतून मारुतीच्या बोंबा येत होत्या. मी चहाचा कप घेऊन दादापाशी आलो, त्यानं हात पुढं केला, तेवढ्यात मधूनच कुणीतरी कप काढून घेतला. अक्का होत्या.

"चहा कुनाला?"

"दादाला."

अक्कांनी कप खिडकीत ठेवला आणि दादाकडं बघत उभ्या राहिल्या. आत मारुती मेलो मेलो म्हणत होता. मी म्हणालो, "अक्का, मारुती लई वरडायलाय."

"वरडू दे. वरडायला दम लागतो, त्येच्यापाशी हाय." मग दादाला म्हणाल्या, "दत्तू, खांदा कामून चोळायलास?"

दादा डाव्या हाताचा खांदा चोळत होता. मला ते दिसलंही नव्हतं. "पडलाव की अक्का. मार लागला असंल."

"ह्याच खांद्यावर पडलास?"

दादानं विचार केला. "न्हाई. पडलाव तर उजव्या अंगावर."

अक्कांनी त्याचं मनगट धरलं. मी पहिल्यांदाच दादाच्या तोंडाकडं नीट पाहिलं. कपाळावर घाम होता, आणि दुपार असली तरी तेवढं ऊन नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. अक्का मला म्हणाल्या, "येंकट, स्ट्रेचर आन." आवाज चढला नव्हता, पण शब्द कन्नड नव्हते, आणि पुढचं वाक्य तर दखनी होतं. त्या दादाच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "कुछ नई होता बाबा."

 मग मी पळालो.

दादाच्या अंगावर वहिनीच्या माहेरून आलेला नवा सदरा होता. कात्री त्यातून सरळ गेली. आणि डाव्या बरगडीच्या खाली एक गोल, जांभळा डाग दिसला, रुपयाएवढा. पडताना मोटरसायकलच्या हँडलचं टोक तिथं जोरात बसलं होतं. वर सदऱ्याला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. अक्कांनी पोटावर हात ठेवला तर पोट पाटासारखं घट्ट. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर म्हैसूरकडचे, नवे, मारुतीच्या हाताला फळी बांधत होते. ते आले, पोट तपासलं, रक्तदाब घेतला आणि पुन्हा एकदा घेतला. दुसऱ्या वेळी आकडा खाली गेला होता.

त्यांनी मला मोडक्या हिंदीत समजावलं. बरगडीच्या आड प्लीहा असते, रक्तानं भरलेला नाजूक अवयव. ती फाटली की रक्त बाहेर दिसत नाही, आतल्या आत पोटात साचत जातं. खांदा दुखतो तो त्यामुळंच. खांद्याला काही झालेलं नसतं. ऑपरेशन लागणार, आणि ते बिदरला. तोवर पोटात चहाचा घोटसुद्धा नको.

पुढचं सगळं भराभर झालं. दोन्ही हातांना सलाईन लागली, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टरांनी बिदरला फोन करून रक्त तयार ठेवायला सांगितलं. वहिनी धावत आली आणि फाटका सदरा बघून तिला वाटलं, अपघातातच फाटला. ती रडायला लागली. अक्कांनी तिच्या हातात दादाच्या चपला दिल्या. "ह्या सांभाळ. वापस आल्यावर लागतील." मला म्हणाल्या, "तू गाडीत संगं जा. त्येला बोलतं ठेव. बोलनं बंद झालं की अँब्युलन्सच्या मानसाला लगेच सांग."

बिदरपर्यंतचा तो रस्ता मी शेकडो वेळा गेलोय, पण एवढा लांब कधी वाटला नव्हता. दादाला काय बोलतं ठेवायचं? आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी फार बोलणारे नव्हे. मी विचारलं, म्हैस कुणाची होती? त्यानं नाव सांगितलं. मी म्हणालो, तिला कामून चुकवलंस? तो म्हणाला, "गाभण व्हती रे." मग बांधावरच्या चिंचेवरून आमचा जुना वाद निघाला. ती चिंच कुणी लावली, आजोबानं की वडलांनी. मी मुद्दाम खोटं बोलत राहिलो आणि तो ऑक्सिजनच्या आतून मला खोडून काढत राहिला. अँब्युलन्समधला माणूस मधे मधे रक्तदाब बघत होता. शहर दिसायला लागलं तेव्हा दादा म्हणाला, "बरं, तूच खरा." आणि गप झाला. चिंचेचा वाद त्यानं आयुष्यात कधी सोडला नव्हता. मी ओरडलो. त्या माणसानं सलाईन जोरात सोडली, गाडीनं वेग घेतला.

दादाला सरळ आत नेलं. फाटलेली प्लीहा काढून टाकावी लागली. संध्याकाळी सर्जन बाहेर आले, टोपी काढली आणि म्हणाले की रक्तस्राव थांबलाय, माणूस सुखरूप आहे. मागून आलेली वहिनी तिथंच फरशीवर बसली, चपला मांडीवर घेऊन. मी भिंतीला टेकलो तर लक्षात आलं की दुपारपासून मी बसलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी दादानं डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो मारुतीच्या मनगटाचा. दुसरा, चहा कधी मिळंल.

दादा घरी आला, आणखी दीड महिन्यानं हिंडूफिरू लागला, तेव्हा मी दवाखान्यात पेढे नेले. सगळ्यांनी खाल्ले. अक्कांनी हातात घेतला आणि विचारलं, "तो चालतो का?"

"चालतो की अक्का. काल शेतात जाऊन आला."

"तू बोलून काय उपेग? त्येला आन."

दुसऱ्या दिवशी दादाला आणलं. अक्कांनी त्याला फाटकापासून माझ्या खिडकीपर्यंत चालायला लावलं. मग परत फाटकापर्यंत. मग पुन्हा खिडकीपर्यंत. व्हरांड्यातले पेशंट बघत होते. दादा संकोचून म्हणाला, "अक्का, आता पळून दाखवू का?" अक्का म्हणाल्या, "नकू. जा घरी." तो जाईपर्यंत त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दाखवायला कुनी येत न्हाई रे येंकट. आमी हितून गाडीत घालून देताव. बिदरला गेला, गुलबर्ग्याला गेला. म्होरं काय झालं, कोन सांगतंय?"

 इतकी वर्षं त्यांच्याशेजारी काम करून हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

त्यानंतरच्या एका रविवारी त्यांचा फोन आला. त्यांची स्कूटर दुरुस्तीला होती. संतपूरच्या पलीकडं एका गावाला जायचंय, सोडशील का? मला वाटलं, नातेवाईक असतील. अक्का क्वार्टरमध्ये एकट्याच राहतात, रविवारी कुठं जातात हे कुणी विचारलेलं नव्हतं.

गावात शिरल्यावर त्यांनी एका घरापाशी गाडी थांबवायला लावली. अंगणात पंचविशीची एक बाई तूर पाखडत होती. अक्का फाटकातून म्हणाल्या, "माय, पानी मिळंल का प्यायला?"

बाई उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत लांब व्रण होता आणि दोन बोटं पुरती वळत नव्हती. पण तांब्या त्याच हातात होता. अक्का पाणी प्यायल्या. पिताना त्यांची नजर त्या बोटांवर होती.

"कोन्या गावच्या, अक्का?" बाईनं विचारलं.

"हितल्याच, जवळच्या." तांब्या परत देत त्या म्हणाल्या, "आजून थोडं मिळंल का?"

बाईनं रांजणातून पुन्हा तांब्या भरला, त्याच हातानं उचलून आणला. या वेळी थोडं पाणी सांडलं. ती ओशाळून हसली. अक्कांनी तो तांब्याही संपवला. त्यांना तहान नव्हती हे मला कळत होतं. गाडीला अडकवलेल्या माझ्या बाटलीत पाणी होतं.

गावाबाहेर आल्यावर त्या मागून बोलायला लागल्या. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत त्या बाईचा पदर मळणी यंत्रात ओढला गेला होता, पदराबरोबर हात. अक्कांनी जखम दाबून धरून तिला गाडीत घातलं होतं.

"तिनं तुमाला वळखलं न्हाई," मी म्हणालो.

"कसं वळखंल? मीच म्हनलं व्हतं, हाताकडं बघू नकू, भिताडाकडं बघ. तिनं भिताडच बघितलं."

"मग सांगायचं की."

"कामून? तिला तो दिस कशाला आठवून देऊ?" मग म्हणाल्या, "कदी कदी गावात इचारलं की लोक सांगतात, त्यो गेला की वो सिस्टर, तवाच गेला. मग मी घरापतूर जात न्हाई. तसंच माघारी येती."

मी गाडी सावकाश चालवत होतो.

"येंकट, आजून एक हाय," त्या म्हणाल्या. "म्हातारा हाय. चिंचा झोडताना झाडावरून पडला व्हता, कंबर गेली व्हती. पुन्हा उठून बसनार न्हाई, असं डाक्टर म्हनले व्हते. वाटंतच हाय. येळ हाय का तुला?"

वाटेत मुळीच नव्हतं. बरोबर उलट्या दिशेला, कच्च्या रस्त्यानं तासभर. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. घरापुढं बाजेवर एक म्हातारा बसला होता, मांडीत सूप घेऊन, भुईमुगाच्या शेंगा फोडत. नातीनं काहीतरी विचारलं, तर तो तिच्यावर खेकसला आणि पुन्हा शेंगा फोडायला लागला.

मी गाडी थांबवायला लागलो, तर अक्कांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबू नकू. चल."

आम्ही त्याच्यासमोरून हळूहळू पुढं गेलो. त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. वळणापर्यंत अक्का मागं वळून बघत राहिल्या.

"बसतंय की रे," त्या म्हणाल्या. "ताठ बसतंय."